काठावरचा धूर

९ डिसेंबर, मंगळवार

वरातीमागून घोडं. घोडं म्हणजे माझा प्रोग्राम.

आज सकाळचा धूर कुठे जाईल ते काल संध्याकाळी कळायला हवं होतं. कळलं आज दुपारी, जेवणं झाल्यावर. देवनारच्या कचऱ्याच्या डंपिंगवरून उठला, मंद वाऱ्यावर उत्तरेला सरकला, घाटकोपरला पंतनगरवर येऊन बसला — सगळं अगदी बरोबर. बाबांना ते उजाडताच कळलं होतं, नाकाने! फोनवर खोकत खोकत म्हणाले, "शमू, तुझ्या यंत्राला पेपरवाल्याकडे शिकवणीला पाठव. तो वेळेवर येतो."

नकाशा मात्र सुंदर दिसतो. मध्ये गडद राखाडी, मग जांभळट, आणि कडेला नुसतं ओल्या बोटाने पुसल्यासारखं. बघतच बसले. चहा गार झाला. बाबा तिकडे खोकताहेत आणि मी इकडे धुराचे रंग बघतेय. काय बाई आहे मी.

१० डिसेंबर

यज्ञेशचा फोन. धाकटा भाऊ माझा. बोरिवलीला मोठा फ्लॅट, मोठी नोकरी, आवाजही मोठा.

"ताई, इमोशनल होऊ नकोस हं. गेल्या महिन्यात बाबांना दोनदा हॉस्पिटलात नेऊन वाफ द्यावी लागली. फुप्फुसं थकलीत त्यांची. घाटकोपरची जागा बंद करू, बाबा माझ्याकडे येतील. विषय संपला."

विषय संपला असं तो लहानपणापासून म्हणतो, आणि विषय कधीच संपत नाही.

बाबांना जायचं नाही. आई गेल्यापासून तिकडे एकटेच आहेत. डाळ-भात स्वतः करतात, वाचनालयात जातात, खालच्या बाकावर मंडळी जमतात. "बोरिवलीला लिफ्ट आहे, पण बाक नाही," म्हणाले मला.

मी यज्ञेशकडून जानेवारीअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. रोज संध्याकाळी मी उद्याचा अंदाज सांगणार. धूर येणार असेल तर बाबा आदल्या दिवशीच रिक्षाने मुलुंडला माझ्याकडे. नसेल तर आपल्या घरात, आपल्या खुर्चीत.

"आणि परत हॉस्पिटल झालं तर?"

"तर तू म्हणशील तसं."

म्हणून मोकळी झाले. आता घोड्याला वरातीच्या पुढे न्यायचं आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

लिहून काढते, म्हणजे निदान मला तरी उमजेल.

उपनगरांचा नकाशा मी तुकड्यांत कापलाय. एकेक तुकडा एकेका प्रोसेसकडे, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र चालणाऱ्या एकेका प्रतीकडे. प्रत्येकीचं घर वेगळं, मेमरी वेगळी. शेजारणीच्या घरात डोकावता येत नाही. पण धूर काही भिंत बघून थांबत नाही. म्हणून दर पावलाला शेजारणी-शेजारणी आपापल्या काठाची पट्टी निरोपाने पाठवतात — माझ्या काठावर आत्ता एवढा धूर आहे, तुझ्याकडे किती? निरोप पोचला की पुढचं पाऊल.

इथवर झकास. पण एकेका मशीनमध्ये मी अशी पुष्कळ घरं कोंबली आहेत. आणि प्रत्येक घरात वाऱ्याचं, डोंगरांचं, इमारतींच्या उंचीचं तेच ते भलंमोठं कोष्टक वेगवेगळं मांडून ठेवलंय. एकाच कुटुंबात आठ माणसं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर आठ दिनदर्शिका! मेमरी त्यातच भरते. मग मशीन रडतखडत चालतं आणि उद्याचा धूर परवा कळतो.

१३ डिसेंबर

दुपारी डोळा लागला. घाटकोपरचं स्वयंपाकघर दिसलं. आई कढईपाशी, बाबा, मी, यज्ञेश, शाळेचे कपडे घातलेले, आणि सगळे भिंतीवरच्या एकाच दिनदर्शिकेकडे बघतोय. दूध किती, बाईचे खाडे किती, गॅस कधी लावला. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. समोर लिहिलेलंच होतं सगळं. खिडकीतून धूर येत होता, पण जांभळा, आणि त्याला वेलचीचा वास. दारावर कोणीतरी आलं. आई म्हणाली, "शमू, तू जा. बाकीचे बसा."

जागी झाले ती उत्तर घेऊनच. एका मशीनमध्ये एकच घर करायचं. घरात पुष्कळ हात — थ्रेड — आणि भिंतीवर कोष्टक एकच, सगळ्यांना दिसणारं. घराघरांत निरोप, घरात मात्र निरोपाची गरज नाही.

नवीन काही नाही यात. लोक वर्षानुवर्षं करताहेत, हायब्रिड म्हणतात. मीच आळस करत होते. पण आईने सांगितल्यावर करायलाच हवं.

१६ डिसेंबर

संस्थेत माणिकला दाखवलं. माझ्या शेजारच्या टेबलवर बसतो. मालाडचा, सतत चणे खात असतो, आणि माझ्या कोडमध्ये खडे शोधण्यात त्याला परमानंद होतो.

"आयडिया मस्त आहे यार. पण निरोप आला की सगळे थ्रेड एकदम दाराकडे धावले तर राडा होईल ना?"

"एकच जाईल. मुख्य थ्रेड. तो काठाची पट्टी देईल, शेजारची घेईल, आत येईल."

"मग ठीक."

त्याने चणे पुढे केले. म्हणजे पास.

२२ डिसेंबर, सोमवार

चाललं! दुपारी सुरू केलं, आणि उन्हं उतरायच्या आत उद्याचा धूर माझ्या पडद्यावर. छोट्या नकाशावर जुन्या प्रोग्रामशी ताडून पाहिलं, तंतोतंत जुळलं. खिडकीबाहेर मुलुंडच्या टेकड्या होत्या, तेवढ्याच निळ्या, तेवढ्याच लांब, पण मला वाटलं त्याही जरा बघताहेत माझ्याकडे.

माणिक फोनवर म्हणाला, "एवढं फास्ट? संशय येतो."

जळतो मेला.

२४ डिसेंबर

बाबा आले. कारण उद्या सकाळी धूर! मी सांगितला म्हणून आले, पिशवीत श्वासाचा पंप, मफलर आणि वाचनालयाचं पुस्तक.

मी पिठलं केलं. जेवताना त्यांनी विचारलं, "एवढी सगळी घरं एकमेकांना निरोप पाठवतात, भांडत नाहीत?"

"भांडायला वेळ नसतो त्यांना, बाबा."

"मग ती माणसांची घरं नव्हेत," म्हणाले आणि ताक मागितलं.

२५ डिसेंबर

घाटकोपरहून बाबांच्या शेजारच्या वसुधाताईंचा फोन — सकाळपासून खिडक्या लावून बसल्यात, डोळे चुरचुरताहेत. बाबा माझ्या गॅलरीत कोवळ्या उन्हात पाय पसरून बसले होते. मला नुसतं बघून हसले. मी इतकी सुखात होते की मला रडूच आलं, आणि रडण्याचं काही कारण नव्हतं.

२९ डिसेंबर

एक गंमत दिसली. तोच दिवस, तोच वारा, पण मोठा नकाशा दोनदा चालवला की घाटकोपरपाशी उत्तर थोडं वेगळं येतं. माझ्या दोन तुकड्यांमधला काठ नेमका पंतनगरवरून जातो. तिथला धूर थरथरतो. एकदा बाबांच्या इमारतीच्या अलीकडे, एकदा पलीकडे. बाकी सगळीकडे स्थिर.

मला ते फार आवडलं. धूरच तो! त्याने का रोज एकाच जागी उभं राहावं? दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून बघत बसले, श्वास घेतल्यासारखं दिसतं.

माणिक चणे खाता खाता थांबला. "सेम इनपुट, सेम उत्तर यायला पाहिजे ना. नीट बघ."

बघते म्हटलं. बघेन.

३ जानेवारी, शनिवार

धूर नाही. बाबा त्यांच्या घरी, मी माझ्या. दिवसभर कोणाशी बोलले नाही. वाईट वाटलं असंही नाही.

७ जानेवारी

शनिवारी आईची तिथी. यज्ञेश आणि अनुपमा घाटकोपरलाच येणार, अनुपमाचे आईवडीलही डोंबिवलीहून येणार. खीर, वडे, आमटी, भोपळ्याची भाजी, आळूचं फतफतं. वडे मी करणार.

आमच्याकडे कावळ्याचं पान बाबाच गच्चीवर नेतात. आजीच्या वेळेपासून बघतेय. पान ठेवायचं, बाजूला उभं राहायचं, कावळा शिवला की खाली येऊन म्हणायचं, "शिवला." तोवर घरात पानं मांडलेली, उदबत्ती लावलेली, आणि सगळे नुसते बसलेले. लहानपणी पोटात कावळे ओरडायचे आणि गच्चीवरचा येत नसायचा. तरी कोणी हात लावला नाही कधी. तसं कोणी बजावलंही नव्हतं. कळायचं ते.

यज्ञेश फोनवर म्हणाला, "बाबांना चार जिने चढायला लावू नकोस." बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या आईचं पान मी नेणार. विषय संपला." म्हणजे ही सवय कुठून आली ते कळलं.

९ जानेवारी

उद्याचा अंदाज: सकाळी देवनारला धूर आहे, पण पंतनगरला पोचत नाही. दुपारी साफ. काठ आज पण थरथरला जरा. फोन केला, "बाबा, गच्चीवर बिनधास्त जा."

"तुझ्या हवाली," म्हणाले.

१० जानेवारी, शनिवार

हॉस्पिटलच्या बाकावर. बाबा आत आहेत. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाल्या, "धोका नाही, पण घरी लगेच नाही सोडणार." अक्षर वाकडं येतंय.

सकाळी सगळं ठीक होतं. बाबा बाराच्या सुमारास पान घेऊन वर गेले. आम्ही पानं मांडली, वाट बघत बसलो. यज्ञेशचं चारचं विमान. अनुपमाच्या वडिलांना मधुमेह, त्यांना वेळेवर खावं लागतं, त्यांचा हात थरथरायला लागला होता. अनुपमा म्हणाली, "ताई, वाढूया का? बाबा येतीलच." यज्ञेश म्हणाला, "हो हो, वाढ गं." बसलो सगळे. मीही.

बाबा येतील, येतील म्हणता हात धुऊन झाले. मला वाटलं, कावळा शिवत नसेल. खिडकीतून बाहेर बघितलं तर समोरची इमारत पुसट! तरी मला वाटलं, दुपारचं असंच असतं.

मग बाबा आले. ओठ निळसर. "शिवला," म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी पान वाढलं. दोन घास खाल्ले असतील, मग श्वास मिळेना.

ती हवा साफ असणार होती. मी सांगितलं होतं.

११ जानेवारी

यज्ञेश विमानाला गेलाच नाही. रात्रभर बाबांजवळ बसला. सकाळी मला चहा आणून दिला आणि म्हणाला, "ताई, ठरलं होतं."

ठरलं होतं.

१२ जानेवारी, सोमवार

शनिवारचा दिवस पुन्हा चालवला. साफ. पुन्हा चालवला. थोडा धूर. पुन्हा, पंतनगरवर गडद ढग! तोच दिवस, तोच वारा. मी ज्याला श्वास म्हणत होते ती चूक होती.

माणिक शेजारी येऊन बसला. चणे नव्हते. दोघांनी ओळ न् ओळ वाचली. त्यानेच बोट ठेवलं.

"तुझा मुख्य थ्रेड दाराशी गेला. बाकीचे काय करतात तोपर्यंत?"

"थांबतात."

"कुठे लिहिलंयस?"

लिहिलंच नव्हतं. 'हे काम मुख्य थ्रेडने करायचं' एवढंच लिहिलं होतं. त्या सूचनेत बाकीच्यांनी थांबायचं असं काही नसतं, ते वेगळं सांगावं लागतं. मुख्य थ्रेड शेजारच्या काठाचा धूर आणायला दाराशी गेला, आणि बाकीचे मागच्याच पावलाचा शिळा काठ घेऊन गणित करायला लागले. छोट्या नकाशावर तो पटकन परत यायचा म्हणून दिसलं नाही. मोठ्या नकाशावर निरोपाला वेळ लागतो. कधी वेळेत यायचा, कधी नाही. म्हणून थरथर. म्हणून काठावरच. आणि म्हणूनच एवढं फास्ट. कोणी थांबतच नव्हतं!

माणिक म्हणाला, "असं कसं विसरलीस तू?"

विसरले नाही. एक जण दाराशी गेलाय तर बाकीचे थांबणारच, हे मला इतकं साहजिक वाटलं की सांगावंसंच वाटलं नाही. आमच्या घरात ते कधी कोणाला सांगावं लागलं नव्हतं.

शनिवारी आधी जेवायला बसलो ते वेगळं. मधुमेह होता, विमान होतं.

१४ जानेवारी

एक ओळ घातली. सगळे येईपर्यंत थांबा. किंचित मंद झाला प्रोग्राम, तरी संध्याकाळच्या आत उत्तर येतंय. शनिवारचा दिवस कितीही वेळा चालवा, तेच उत्तर: बारा ते दोन, पंतनगर, दाट धूर. ढग आता हलत नाही. बघवत नाही त्याच्याकडे.

संक्रांत आहे. बाबांना घेऊन यज्ञेश हॉस्पिटलमधून थेट बोरिवलीला गेला. मी फोनवर तिळगूळ दिला.

१५ जानेवारी

यज्ञेशला सगळं सांगितलं. जागेचा दोष नाही, माझ्या प्रोग्रामचा आहे. मी साफ म्हटलं म्हणून बाबा तेवढा वेळ गच्चीवर उभे राहिले. अंदाज बरोबर असता तर आदल्या दिवशीच माझ्याकडे आले असते. तिथी मुलुंडला केली असती.

ओरडेल वाटलं. ओरडला नाही. मग म्हणाला, "आता बरोबर आहे का?"

"आहे."

"किती दिवस बरोबर आला की खरा मानायचा?"

"तू सांग."

"बघू," म्हणाला. यज्ञेशच्या तोंडून 'बघू' म्हणजे पुष्कळ झालं.

१९ जानेवारी

अंदाज बरोबर. कालचाही. वसुधाताईंना रोज सकाळी विचारते, त्या खिडकीतून बघून सांगतात. त्यांना आता चटक लागली आहे, मी फोन करायच्या आधीच त्यांचा येतो: "शर्मिष्ठा, तू म्हणालीस तस्संच."

दुपारी पुन्हा ते स्वप्न. स्वयंपाकघर, एकच दिनदर्शिका, जांभळा धूर. पण आई नव्हती, आणि दारावर कोणीतरी वाजवत होतं, हळू, कोणाला त्रास होऊ नये अशा बेताने.

२३ जानेवारी, शुक्रवार

यज्ञेशचा फोन. "ठीक आहे, ने त्यांना. इकडे नुसते खिडकीत बसून असतात, कोणाशी बोलत नाहीत. अनुपमा सगळं करते, तरी. पण ताई, धुराच्या आदल्या संध्याकाळी ते तुझ्याकडे आले नाहीत तर मी येऊन उचलून नेईन."

जिंकले! बाबा घरी जाणार. टेकड्यांकडे बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. उद्या बोरिवलीला जाऊन आणते. त्यांची माफीही मागायची आहे. फोनवर नाही जमलं.

२४ जानेवारी

रिक्षात बाबांना सांगितलं. माझी चूक होती, हवा साफ नव्हती, माझ्यामुळे तुम्ही धुरात उभे राहिलात.

बाबा म्हणाले, "तुझ्यामुळे नाही गं. कावळा तर लगेच शिवला होता. मी खाली आलो. दाराबाहेर ताटांचे आवाज ऐकले. पाहुणे होते, मी आत आलो असतो तर यज्ञेशला ओशाळं वाटलं असतं. म्हटलं, जेवू देत. परत वर गेलो." मग थोड्या वेळाने, "एकट्याच्या घरी एकट्याने जेवायला काही वाटत नाही. भरल्या घरात वाटतं. त्याला सांगू नकोस."

सांगितलं नाही. त्या दुपारी वडे गरम होते म्हणून मी दुसरा मागून घेतला होता.